मंगळवारी आणि शुक्रवारीच लाल होणारं झाड

१० ऑक्टोबर, मंगळवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून ही वही. चोवीस वर्षं नगरपालिकेसाठी घरोघर पाण्याचे मीटर वाचत फिरले, तेव्हा चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही. मीटरबद्दल लिहिणार तरी काय. आता ते मीटर आपले आपणच आकडे पाठवतात, आणि मला पाठवलंय कागेसावा उद्यानात, पानांचा मोसम संपेपर्यंत. रोकुरो सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "पाण्याचं झालं, आता पानांचं रीडिंग घे." बर्फ पडेपर्यंत माझ्या नवऱ्याच्या बर्फ हटवायच्या गाडीला काम नसतं, त्यामुळे सगळं काम जिभेलाच.

काम तसं सोपं आहे. साडेसहाला चौकीत हजर व्हायचं, फोन घ्यायचा, समोरच्या मोठ्या मेपलकडे बघायचं आणि फाटकावर चारांपैकी एक पाटी लावायची: 'अजून हिरवी', 'रंग चढतोय', 'ऐन रंग', 'ओसरला'. उद्यानात मेपल हजारभर असतील, पण मान ह्या एकाच झाडाला. त्याची ऐंशी टक्के पानं लाल झाली की 'ऐन रंग' लावायचं आणि ती तारीख मोठ्या वहीत लिहायची. माझ्या आधी एकवीस वर्षं हे ओइकावाकाकांनी केलं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते आता घरी असतात.

सात वाजायला दहा मिनिटं असताना फोन आला. म्हातारा, कोरडा आवाज. "पाटी काय म्हणते?" मी म्हटलं, अजून हिरवी. "बरं," म्हणाला आणि ठेवलाच. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मग खालून अस्वलघंटेचा आवाज आला. यंदा अस्वलं गावापर्यंत उतरलीयत, त्यामुळे जो तो कमरेला घंटा बांधून चालतो. पाहते तर पुलाजवळच्या यासुआजी. वय त्र्याऐंशी. पूर्वी त्यांचं तोफूचं दुकान होतं. त्यांचा मीटर माझा तोंडपाठ: महिन्याला चार युनिट, एकटीचं घर. त्यांनी पाटी वाचली, मला मान लववली आणि आल्या वाटेनं परत गेल्या. एवढा चढ चढून फक्त पाटी वाचायला आल्या होत्या.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा तोच फोन, त्याच वेळी. मधले दोन दिवस नव्हता. मी आपलं माणुसकीनं सांगायला गेले की आजोबा, अजून तीन आठवडे तरी काही होत नाही, आत्तापासून कशाला त्रास घेता. "विचारलं तेवढं सांगा," म्हणाले. सांगितलं. "बरं."

ऑक्टोबरच्या मध्याला हिरव्या पानांची चौकशी कोण करतं? दिवसभर डोक्यातून गेलं नाही. यासुआजी मात्र रोज येतात.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पाऊस. सकाळी यासुआजी पाटी वाचून गेल्या, त्यानंतर माणूस नाही काणूस नाही. ओइकावाकाकांची मोठी वही काढून बसले. अक्षर सुरेख. दर वर्षाच्या पानावर 'ऐन रंग'ची तारीख, थंडी किती, वारा कसा. मला आकडे दिसले की राहवत नाही. जुनी कॅलेंडरं कपाटात होतीच, त्यातून प्रत्येक तारखेचा वार शोधून समोर मांडत गेले. आणि हातातला चहा गार झाला.

एकवीस वर्षांच्या एकवीस तारखा. दहा मंगळवार, अकरा शुक्रवार. सोमवार एक नाही, बुधवार एक नाही. शनिवार-रविवारी एवढी गर्दी लोटते, तर तेही नाहीत. पानांना वार कळतो का?

पहिला संशय आला की काका कामचुकार असणार, दोनच दिवस येत असणार. हजेरीपट बघितला. एकवीस वर्षांत पाच दिवस रजा, त्यातले तीन बायकोच्या अंत्यविधीचे. संशय घेतल्याची लाज वाटली. मग काय कारण असेल? मंगळवारी-शुक्रवारी थंडी जास्त पडते? छे.

घरी सांगितलं तर रोकुरो म्हणे, "पानांनाही साप्ताहिक सुट्टी असते, तुला माहीत नव्हतं?" ह्याच्यापुढे बोलण्यात अर्थ नाही. एक मात्र ठरवलं. यंदा जी खरी तारीख असेल तीच लिहीन, मग ती रविवारी येवो की बुधवारी. चोवीस वर्षांत मी कुणाचा आकडा एकनं इकडचा तिकडे केलेला नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज 'रंग चढतोय' लावली. टोकाकडच्या दोन फांद्या पेटल्यासारख्या झाल्यात. मी झाडाच्या मोठ्या दहा फांद्यांना नंबर दिलेत, म्हणजे अंदाजपंचे काम नको. आठ फांद्या लाल, की 'ऐन रंग'.

फोन आला. पाटी सांगितली. आजोबांनी विचारलं, "टोकाकडून की बुंध्याकडून?" म्हटलं, टोकाकडून. "हं." मी संधी साधून विचारलं, कुठून बोलता? डोंगरापलीकडून, कुरोनेताहून. मी म्हटलं, आता रोज फरक पडत जाईल, उद्या पुन्हा फोन करा.

"उद्या बस नाही," म्हणाले आणि ठेवला.

फोन करायला बस कशाला लागते? म्हातारी माणसं एक विचारलं की दुसऱ्याचंच उत्तर देतात.

यासुआजी आज हातात गाठोडं घेऊन आल्या. निळ्या कापडात बांधलेला तीन खणांचा लाखेचा काळा डबा, चांगला जुना. पाटी वाचून झाडाखाली जिझोच्या मूर्तीशेजारच्या बाकावर जरा बसल्या, आणि डबा न उघडता परत नेला. काल हात रिकामे होते.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पुन्हा गाठोडं. ऊन छान पडलं होतं, मीही बाकावर जाऊन बसले. त्यांनी डबा उघडला आणि मला एक अळकुडी दिली, गोडसर रश्शात मुरवलेली. खाली चेस्टनटचा भात, गुंडाळलेलं अंड्याचं ऑम्लेट, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं. एका म्हातारीला तीन दिवस पुरेल एवढं. आणि चॉपस्टिकचे जोड दोन.

मी म्हटलं, कुणी यायचंय का? त्या मूर्तीकडे बघत राहिल्या. मूर्तीच्या गळ्यात कुणीतरी नवं लाल लाळेरं बांधलंय. मग म्हणाल्या, "वर्षातून एकदा एकाला इथे जेवू घालायचं असतं. पाटी लागली की."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जिझो म्हणजे गेलेल्या लेकरांचा सांभाळ करणारा. यासुआजींचं एखादं मूल गेलं असणार, कधीकाळी. इतकी वर्षं त्यांच्या दारात मीटर वाचला आणि मला पत्ता नाही. पुढे काही विचारलं नाही. कुणाच्या दुःखाला असा हात लावू नये.

एकच गोष्ट कळली नाही. अळकुडी दाबून बघत त्या पुटपुटल्या, "कडक राहिली की बोलत नाही काही, नुसती बाजूला सारून ठेवतो." दगडाचा जिझो अळकुडी बाजूला सारतो? असो. दुःखात माणूस दगडाशीही भांडतो.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

तीन फांद्या. यंदा गरमी हटता हटत नाही, रात्री थंडीच नाही, तर पानं तरी काय करतील.

फोनवाल्या आजोबांनी आज स्वतःहून विचारलं, "दहा तारखेच्या आत होईल का?" दहाच का, म्हटलं. तर कुरोनेताची बस दहा नोव्हेंबरला शेवटची सुटणार आणि मग बंद. हिवाळ्यापुरती का? नाही, कायमची. "बसायला मीच उरलोय," म्हणाले. "मी आणि ड्रायव्हर." मोटारीचं लायसन्स त्यांनी गेल्या वर्षीच परत केलंय, डोळ्यांमुळे.

मला वाईट वाटलं. म्हटलं, मग पाटीसाठी कशाला थांबता, टोकाच्या फांद्या आत्ताही बघण्यासारख्या आहेत, या शुक्रवारीच या. तर लगेच म्हणाले, "पाटी लागल्याशिवाय मी येत नसतो."

असा नियमाचा माणूस आजकाल कुठे बघायला मिळतो. मला फार आवडले आजोबा.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टीचा दिवस, त्यामुळे गाड्यांची रांग पुलापर्यंत. सगळे पाटी वाचून नाकं मुरडत होते. एकीनं तर मला ऐकू जाईल अशा बेतानं नवऱ्याला सुनावलं की ह्यांना 'ऐन रंग' लावायला काय जड जातं, तेवढाच फोटोत आला असता. रोकुरो दुपारी भाताचे गोळे घेऊन आला, त्यानंही तेच टुमणं लावलं. "फिरव गं पाटी. कोण फांद्या मोजतंय?"

"मी मोजतेय," म्हटलं. चार आहेत, चारच.

सकाळी फोन आला होताच. आजोबा खोकत होते. यासुआजी गाठोडं घेऊन गर्दीत एका कडेला उभ्या राहिल्या आणि बसायला जागा नाही म्हणून परत गेल्या. त्या इतर दिवशीही येतात, पण गाठोडं न घेता. हेही काहीतरी आहे. काय आहे ते सापडत नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते.

सकाळी सात फांद्या. आठवी अर्धी पिवळी. सातला दहा कमी, फोन. सांगितलं, रंग चढतोय. नेहमीचं "बरं" आलं नाही.

"आज लावाल का?"

"सात झाल्यात, आजोबा. आठ लागतात."

"सात," ते म्हणाले. मग, "ओइकावा असता तर..." आणि तिथेच थांबले. "बरं."

यासुआजी आठच्या सुमाराला आल्या. पाटी वाचली. बाकावर जाऊन बसल्या त्या दुपारपर्यंत, गाठोडं मांडीवर तसंच. निघताना चौकीपाशी थांबल्या आणि ओइकावांची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, गुडघे धरलेत. "गुडघ्यांचं काय एवढं," त्या म्हणाल्या, "पाटी तर हातानं लावायची." आणि गेल्या. घंटा फार सावकाश वाजत खाली गेली. मला ती ऐकवेना.

काहीतरी टोचत होतं. वारांचा कागद काढला. शुक्रवार, मंगळवार, मंगळवार, शुक्रवार. फोन येतो मंगळवारी आणि शुक्रवारी. गाठोडं येतं मंगळवारी आणि शुक्रवारी. उद्या बस नाही. मी चौकी तशीच टाकून डोंगराकडच्या वरच्या फाटकाकडे पळत गेले. तिथल्या बसच्या खांबाकडे मी महिन्याभरात एकदाही बघितलं नव्हतं. गंजलेल्या पत्र्यावर लिहिलंय: कुरोनेताहून येणार सकाळी आठ वीस, परत जाणार दुपारी दोन. फक्त मंगळवार आणि शुक्रवार. खाली चिकटवलेला कागद, सेवा दहा नोव्हेंबरनंतर बंद.

दोन जोड चॉपस्टिक. अळकुडी बाजूला सारून ठेवणारा. कसला जिझो आणि कसलं काय. तिथे खांबाला धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आज सकाळी तो माणूस यायला तयार होता, ती गाठोडं बांधून बसली होती, आणि मी मधे उभी राहून सात-आठचा घोळ घालत होते.

८ नोव्हेंबर, बुधवार

ओइकावाकाकांकडे जाऊन आले. सफरचंदांची शेवटची तोड चाललीय. ते खुर्चीवर बसून फळं निवडत होते आणि सुनेला सूचना देऊन देऊन जेरीस आणत होते. मी वारांचा कागद समोर धरला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि हसले. "एकवीस वर्षांत कुणी वार बघितला नाही. मीटरवालीच यायला हवी होती."

"काका, तुम्ही झाडाकडे बघून तारीख लिहीत नव्हता."

"झाडाकडे कोण बघत होतं? मी रस्त्याकडे बघायचो. चार दिवस इकडे की तिकडे, झाडाचं काय बिघडतं?"

मग सगळं सांगितलं. फोनवाले आजोबा म्हणजे गेन्पेइ, यासुआजींचे सख्खे धाकटे भाऊ. लग्न करून बायकोच्या घरचं नाव लावलं आणि डोंगरापलीकडे तिथेच राहिले. बावीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा घाटात बर्फानं रस्ता बंद होता. ते पोचले तोवर आईला अग्नी देऊन झालेला. यासुआजींनी दारातच विचारलं, आता कशाला आलास. त्यांनी आणलेली फुलं पायरीवर ठेवली आणि म्हणाले, तू बोलावल्याशिवाय ह्या घरात पाऊल ठेवणार नाही. मी बोलावणार नाही, त्या म्हणाल्या. दोघंही एकाच आईची.

लहानपणी ती माउली दोघांना पानं बघायला ह्याच झाडाखाली घेऊन यायची. पुढच्या शरदात 'ऐन रंग'ची पाटी लागली त्या दिवशी दोघंही आपापले आले. वार शुक्रवार होता. इथे कुणाचं घर नाही, दार नाही. शेजारी बसले, डब्यातलं खाल्लं. निघताना बाई खालच्या फाटकाशी काकांना विचारून गेल्या, पुढच्या वर्षी पाटी लागेल ना? आणि बुवा वरच्या फाटकाशी तेच विचारून गेले.

"बोलावणं पाटीनं करायचं," काका म्हणाले. "मग कुणाचीच मान खाली नाही."

मला का नाही सांगितलंत, म्हणून मी जवळजवळ भांडलेच. ते म्हणाले, "त्या दोघांनी मला तरी कधी सांगितलंय?" आणि पिशवीभर सफरचंदं हातात दिली.

९ नोव्हेंबर, गुरुवार

साडेआठ फांद्या. काल रात्री एकदाची थंडी पडली आणि झाड एका रात्रीत लालेलाल झालं. मी तीन वेळा मोजलं. नियमही खूश, मीही खूश. खरं तर पाटी आजच लागायला हवी, पण मी लावली नाही. उद्या सकाळी लावते, म्हणजे तारीख शुक्रवारची पडेल. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एक आकडा मुद्दाम दिवसभर अडवून ठेवला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. 'ऐन रंग'ची पाटी ओल्या फडक्यानं पुसून तयार ठेवली.

संध्याकाळपासून वारा सुटलाय. रोकुरो अंगणातल्या कुंड्या आत घेतोय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे साडेपाचलाच गेले. झाडावर पानं नाहीत. पंधरावीस असतील फार तर, शेंड्याला. बाकी सगळी खाली, बाकावर, वाटेवर, जिझोच्या डोक्यावर. त्याचं लाळेरं कुठलं आणि पानं कुठली ते कळत नव्हतं.

नियमानं आज पाटी 'ओसरला'. मी चौकीत बसून हुंदके देऊन रडले, लहान पोरीसारखी. काल लावली असती तर निदान तारीख तरी खरी लागली असती.

सातला दहा कमी. फोन.

"पाटी काय म्हणते?"

चोवीस वर्षांत मी कधी खोटा आकडा सांगितला नाही, हे आधी लिहिलंच आहे.

"ऐन रंग," मी म्हटलं.

तिकडून, "रात्री वारा होता."

"होता."

"आमच्या गोठ्याचा पत्रा उडाला."

"पाटी 'ऐन रंग' आहे, आजोबा."

"बरं," म्हणाले.

फोन ठेवला आणि धावत सुटले, कारण फाटकावर अजून 'रंग चढतोय'च होती. खालून घंटा वाजायला लागली होती. घाईत पाटीचं कडं खिळ्यात बसेना. यासुआजी वर आल्या तेव्हा ती नुकतीच अडकली होती. त्यांनी पाटी वाचली. उघड्या झाडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ह्या गाठोडं उचलून परत जाणार. आजवर बोलावणं झाड करत होतं. आज ते एका माणसानं केलंय, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"वाकडी लागलीय," त्या म्हणाल्या. पाटी सरळ केली आणि बाकावरची पानं झटकायला गेल्या.

आठ वीसला बस आली. त्यातून एकटा माणूस उतरला. बुटका, काठी टेकत, टोपी हातात घेतलेली. आवाजावरून मी धिप्पाड समजत होते. वरच्या फाटकावरही मी तोवर 'ऐन रंग'ची दुसरी पाटी टांगून आले होते. दोन शब्दांची ती पाटी वाचायला त्यांनी एवढा वेळ घेतला, जणू लांबलचक पत्र आहे. मग झाडापर्यंत आले आणि उभेच राहिले. बहीण बसलेली, भाऊ उभा, वर काळ्या फांद्या. मी चौकीच्या खिडकीला चिकटले होते.

"यंदा पानं खाली आहेत," ते म्हणाले.

"बरंय," यासुआजी म्हणाल्या. "मान दुखत नाही बघायला."

ते बसले.

पुढे फारसं बोलले नाहीत. दोघांनी खूप खाल्लं. एक अळकुडी त्यांनी बाजूला सारून ठेवलेली मी बघितली, आणि यासुआजींनी काहीतरी सुनावलेलंही. दहाच्या सुमारास मोठा कॅमेरा घेऊन एक गृहस्थ आले आणि मला पाटीचा जाब विचारू लागले. ह्याला तुम्ही ऐन रंग म्हणता का? मी शांतपणे सांगितलं की नियमात झाडाची ऐंशी टक्के पानं लाल हवीत असं आहे, ती कुठे असावीत ते लिहिलेलं नाही. त्यांनी खाली बघितलं, जरा विचार केला आणि तिपाई मांडली.

दोन वाजता बसवाल्यानं हॉर्न दिला. शेवटची फेरी. आजोबा उठले, मान लववली. यासुआजींनी उरलेलं सगळं भरून डबा बांधला आणि निळ्या कापडाची गाठ मारून त्यांच्या हातात दिला. ते गाठीकडे बघत राहिले आणि डबा घेऊन चालायला लागले.

मी बघितलं तर त्यांच्याबरोबर डबाच चाललेला. बस आज शेवटची, म्हणजे तो परत कसा यायचा? आईच्या वेळचा डबा असणार तो. मी ओरडत धावले, "आजोबा, डबा! आजींचा डबा राहिला तुमच्याकडे!" आजोबा, यासुआजी आणि बसचा ड्रायव्हर, तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही खुळ्यासारखं बोलले.

"असू दे," यासुआजी म्हणाल्या.

मी म्हटलं, मी पोस्टानं मागवून घेते, पत्ता विचारते. "तुम्ही पाटी सांभाळा, निशिनेबाई," म्हणाल्या आणि खाली गेल्या. हे काही मला पटलं नाही. हरवलेल्या वस्तूंच्या वहीत नोंद केली: डबा एक, तीन खणांचा, काळी लाख, निळं कापड. बसमधून गेला.

मोठ्या वहीत लिहिलं: ऐन रंग, १० नोव्हेंबर, शुक्रवार. ओइकावाकाकांच्या एकवीस ओळींखाली ती अगदी त्यांच्यातलीच दिसते.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

फाटकावर 'ओसरला'. उद्यानात मी आणि दोन खारी. पुढच्या वर्षी ते येणार कसे, ह्याच विचारात शनिवारपासून आहे. रोकुरोला विचारलं, तुझी गाडी डोंगरापलीकडे जाते का. म्हणाला, बर्फ पडला तर. बर्फात कुठली आलीत पानं.

बस नाही, म्हणजे फोन नाही, हे ठाऊक असूनही सातला दहा कमी झाले तशी मी फोनजवळ जाऊन बसले. आणि तो वाजला.

"आजोबा, पाटी आता 'ओसरला'..."

"पाटी राहू द्या," ते म्हणाले. घसा खाकरला. "डबा आहे तिचा माझ्याकडे. रिकामा कसा देऊ? अळंबी भरलीय. सून गाडीनं सोडते म्हणाली, आजवर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. दहापर्यंत येतो."

मी लगेच म्हटलं, या ना, मी खालच्या फाटकाशी उभी राहते, डबा घेते आणि आजींकडे पोचवते.

"फाटकाशी नको," ते म्हणाले. "ते घर... पुलाजवळचंच ना अजून? दार त्याच बाजूला?"

त्या दाराशेजारी मी चोवीस वर्षं मीटर वाचला आहे.

"नदीच्या बाजूला," मी म्हटलं. "पायऱ्या तीन. वरची जरा हलते, जपून."

"बरं."

आज दिवसभर घंटा वाजली नाही. यासुआजी वर आल्याच नाहीत, महिन्याभरात पहिल्यांदा. दुपारी हरवलेल्या वस्तूंची वही काढली आणि डब्यापुढे लिहिलं: घरी पोचला.